सोय देणाऱ्याची की घेणाऱ्याची? क्रिप्टो आणि ऑनलाइन देयकांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात मोबाइलवरून होणाऱ्या बँक व्यवहारांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात : बिटकॉइन, टेदर यांसारख्या क्रिप्टो चलनांतून पैसे देणे-घेणे हे यूपीआय, कार्ड किंवा बँकेच्या मार्गापेक्षा अधिक सोयीचे आहे का? ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पाच पत्रे येथे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे देत आहे. एका बँकेच्या परकीय चलन विभागात माझी अनेक वर्षे गेली आहेत आणि अडकलेल्या पैशांसाठी खेटे घालणारी माणसे मी रोज समोर पाहिली आहेत. त्यामुळे एखादा मार्ग सोयीचा आहे असे कोणी म्हटले, की ती सोय देणाऱ्याची आहे की घेणाऱ्याची, आणि व्यवहार बिघडला तर ती टिकते का, हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

घोडबंदर रस्ता, ठाणे येथून एक तरुण वाचक लिहितात : मी घरूनच ॲनिमेशनचे काम करतो. कॅनडातील एका स्टुडिओकडून दरमहा साधारण १,००० डॉलरचे काम मिळते. बँकेतून पैसे यायला तीन-चार दिवस लागतात आणि दर वेळी वाटेत काहीतरी कापले जाते. स्टुडिओचे म्हणणे आहे की टेदरमध्ये घेतलेस तर पाच मिनिटांत मिळतील. घ्यावे का?

तुमची तक्रार खरी आहे, हे आधी मान्य करतो. परदेशातून बँकेमार्गे पैसा येतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात स्विफ्ट या संदेशजाळ्यातून एक बँक दुसरीला ‘अमुक खात्यात इतके जमा करा’ असे फक्त कळवत असते. ज्या दोन बँकांची एकमेकींकडे खाती नसतात, त्यांच्यामध्ये एखाद-दोन मध्यस्थ बँका येतात आणि त्यांतील प्रत्येकीला आपले शुल्क मूळ रकमेतूनच कापून घेता येते. शेवटी तुमची बँक डॉलरचे रुपये करताना बाजारभावापेक्षा थोडा कमी दर देते. यातील बरेचसे शुल्क ठरावीक असते, रकमेच्या प्रमाणात नसते. म्हणून लाख डॉलर मागवणाऱ्या कारखानदाराला जे जाणवतही नाही, ते हजार डॉलर मागवणाऱ्या तुमच्यासारख्याला चांगलेच जाणवते. त्यात शनिवार-रविवार आला किंवा दोन्हींपैकी एका देशात सुट्टी असली, की आणखी वाट पाहावी लागते.

टेदर हे एका डॉलरला एक या भावाने बांधलेले टोकन, म्हणजे डिजिटल नाणे, आहे. ट्रॉनसारख्या नेटवर्कवरून ते एक-दोन मिनिटांत पोहोचते, रविवारी रात्री दोन वाजताही पोहोचते. तुमच्या स्टुडिओचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे, आणि क्रिप्टोच्या बाजूने बोलणारे लोक सीमेपलीकडच्या छोट्या रकमांचा जो दाखला देतात, तो मला त्यांच्या सगळ्या दाखल्यांमध्ये सर्वांत वजनदार वाटतो. मात्र ती पाच मिनिटे स्टुडिओची आहेत. पैसे पाठवून त्याचे काम संपते आणि तुमचे तिथून सुरू होते, कारण घोडबंदर रस्त्यावर घरभाडे, वीज आणि किराणा रुपयांतच द्यावा लागतो.

पहिला मुद्दा कराचा. कामाच्या मोबदल्यात टेदर मिळाले, तर ज्या दिवशी मिळाले त्या दिवशीच्या रुपयांतील मूल्याइतके तुमचे व्यावसायिक उत्पन्न झाले, असे करसल्लागार साधारणपणे धरतात. पुढे ते टेदर विकून रुपये केले की तो आभासी डिजिटल मालमत्तेचा (करकायद्यात क्रिप्टोला दिलेले नाव) वेगळा व्यवहार ठरतो आणि त्यातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे, त्यावर उपकर आणि लागू असेल तर अधिभार वेगळा. समजा, मिळाले त्या दिवशी १,००० टेदरचे मूल्य ८५,००० रुपये होते आणि विकले त्या दिवशी ८७,००० झाले. मधल्या २,००० रुपयांवर ६०० रुपये कर आणि ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ६२४ रुपये द्यावे लागतील. उलट भाव ८३,००० वर आला, तर झालेला २,००० रुपयांचा तोटा तुमच्या ॲनिमेशनच्या उत्पन्नातून वजा करता येणार नाही. दुसऱ्या एखाद्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. यांशिवाय १ जुलै २०२२ पासून अशा विक्रीवर १ टक्का उद्गम करकपात (टीडीएस) होते. ती विवरणपत्र भरल्यावर वळती होते, परंतु तोपर्यंत पैसा अडकून राहतो. दरमहा हे सगळे नोंदवून ठेवणे, म्हणजे कोणत्या तारखेला कोणत्या भावाने किती मिळाले आणि किती विकले, ही एक स्वतंत्र खतावणीच झाली.

दुसरा मुद्दा तुमच्या वयाच्या अनेक व्यावसायिकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने ‘निर्यात’ ठरली, तर तिच्यावर शून्य दराने कर लागतो. पण ती निर्यात ठरण्यासाठी कायद्याने घातलेल्या अटींपैकी एक अट अशी आहे की मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तेथे रुपयांत, मिळालेला असला पाहिजे. टेदर हे डॉलरला बांधलेले असले तरी भारतीय कायद्याच्या नजरेत ते परकीय चलन नाही. आज तुमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर हा प्रश्न उद्भवणार नाही. काम वाढले की मात्र तो हमखास उभा राहील, आणि तेव्हा मागची दोन-तीन वर्षे बदलता येणार नाहीत. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालीही निर्यातीचा मोबदला अधिकृत बँकेमार्गे येणे अपेक्षित आहे. बँक त्याचा जो आवक दाखला देते, तोच पुढे गृहकर्ज मागताना, व्हिसासाठी अर्ज करताना आणि कर अधिकाऱ्यासमोर तुमच्या उत्पन्नाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

तिसरी गोष्ट आणखी काळजीची आहे. टेदरचे रुपये करण्यासाठी बरेच जण एक्स्चेंजवरील, म्हणजे क्रिप्टोच्या ऑनलाइन बाजारावरील, व्यक्ती-ते-व्यक्ती विक्रीचा मार्ग धरतात : कोणीतरी अनोळखी माणूस तुमच्या खात्यात रुपये टाकतो आणि तुम्ही त्याला टेदर सोडता. तो रुपया कुठून आला हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नसतो. तो एखाद्या फसवणुकीतला असेल, तर पैशाचा माग काढत भलत्याच राज्यातील पोलिसांची सूचना तुमच्या बँकेत येते आणि खाते गोठवले जाते. तुमचा त्या गुन्ह्याशी संबंध नसतो, तरी खाते मोकळे करून घेण्यासाठी पत्रे, जबाब आणि फेऱ्या तुमच्याच वाट्याला येतात. अशा एका मुलाला मी स्वतः मदत केली आहे. त्याच्या त्या खात्यात वडिलांच्या औषधांचे पैसेही होते, आणि त्या काळात घरातील सर्वांची जी ओढाताण झाली ती मी विसरू शकत नाही.

राहिला डॉलरला बांधलेपणाचा भरवसा. मार्च २०२३ मध्ये यूएसडीसी या टेदरसारख्याच डॉलरला बांधलेल्या प्रतिष्ठित टोकनचा (अशांना स्टेबलकॉइन म्हणतात) भाव एका शनिवारी ९० सेंटच्या खाली घसरला होता, कारण त्याच्या गंगाजळीतील ३३० कोटी डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेच्या दिवाळखोरीत अडकले होते. अमेरिकी सरकारने ठेवींची हमी दिल्यावर भाव सावरला. मे २०२२ मध्ये कोसळलेले टेरायूएसडी हे दुसरे स्टेबलकॉइन मात्र कधीच सावरले नाही. मार्च २०२३ मधल्या त्या शनिवारी तुमच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो ठेवण्याच्या ॲपमध्ये, महिन्याची कमाई यूएसडीसीत असती, तर सोमवारपर्यंत झोप लागली नसती.

म्हणून माझा सल्ला बँकेचाच मार्ग ठेवण्याचा आहे, पण तो सुधारून घ्यावा. स्विफ्टने पैसे पाठवताना सर्व शुल्क पाठवणाऱ्याने सोसण्याचा पर्याय असतो. स्टुडिओला तो निवडायला सांगा आणि तसे करारपत्रातच घाला. दर महिन्याऐवजी दोन महिन्यांचे बिल एकत्र केले, तर ठरावीक शुल्क एकदाच पडते. बिलावर आणि बँकेच्या अर्जावर सेवेचा योग्य उद्देश संकेतांक (पैसे कशासाठी आले हे सांगणारा ‘पर्पज कोड’) लिहिला, तर बँकेतील चौकशीचे दिवस वाचतात. रक्कम अडकण्याचे हे फार साधे आणि फार नेहमीचे कारण मी पाहिले आहे. शिवाय सीमेपलीकडील देयकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम घालून दिलेल्या संस्था आता तुमच्या ग्राहकाला त्याच्याच देशातील खात्यात पैसे भरू देतात आणि तुम्हाला रुपये व आवक दाखला दोन्ही देतात. त्यांचे शुल्क आणि त्यांनी दिलेला विनिमय दर, दोन्ही एकत्र धरून तुमच्या बँकेशी तुलना करा. नुसते शुल्क पाहून फसगत होते, कारण कमी शुल्काची भरपाई पुष्कळदा दरातून केलेली असते.

सीबीडी बेलापूर येथील एक वाचक विचारतात : बँकेने मला ‘ई-रुपया’चे ॲप घ्यायला सांगितले. हे सरकारी क्रिप्टो आहे का? त्यावरही ३० टक्के कर आहे का?

नाही, दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. डिजिटल रुपया ही रिझर्व्ह बँकेनेच काढलेली नोट आहे, फक्त कागदाऐवजी डिजिटल रूपातली. त्यासाठी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यातील नोटेची व्याख्या बदलण्यात आली. सर्वसामान्यांसाठीचा त्याचा प्रायोगिक वापर १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत सुरू झाला. एक ई-रुपया हा नेहमी एकच रुपया असतो, त्याचा भाव चढत-उतरत नाही, त्यावर व्याज मिळत नाही आणि तो खर्च केल्याने कोणताही नफा होत नाही. दुकानातील यूपीआयचा क्यूआर त्याने स्कॅन करता येतो, त्यामुळे रोजच्या खरेदीत तुम्हाला विशेष फरक जाणवणार नाही.

जांभळी नाका, ठाणे येथील सुक्या मेव्याचे एक व्यापारी लिहितात : आमचे दुकान वडिलांच्या वेळेपासूनचे आहे. पुतण्याचे म्हणणे आहे की गल्ल्यावर यूपीआयच्या शेजारी बिटकॉइनचाही क्यूआर लावावा, म्हणजे नवे गिऱ्हाईक येईल आणि पैसे परत मागण्याची भानगड राहणार नाही. आपले मत काय?

आपल्या पुतण्याने एक गोष्ट अचूक ओळखली आहे. कार्डाने पैसे दिलेले गिऱ्हाईक नंतर बँकेकडे वाद नोंदवू शकते आणि रक्कम दुकानदाराच्या खात्यातून परत जाऊ शकते. बिटकॉइनमध्ये हे होत नाही. एकदा व्यवहार बिटकॉइनच्या सामायिक नोंदवहीत, म्हणजे साखळीत (ब्लॉकचेन), बसला की तो कोणालाच उलटवता येत नाही. परदेशात ऑनलाइन माल विकणाऱ्याला, जिथे चोरीच्या कार्डावर खरेदी होते, ही मोठी सोय वाटते आणि ती तशी आहेही. पण आपल्या दुकानात गिऱ्हाईक समोर उभे राहून काजू हातात घेऊन बघते आणि मग पैसे देते. त्यात पैसे परत मागण्याचे प्रसंग मुळातच थोडे. जो आजार आपल्याला नाही, त्याचे औषध आपण घेत आहोत का, हा विचार करावा.

आता गल्ल्यावरचे चित्र पाहू. बिटकॉइनच्या साखळीत नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, सरासरी १० मिनिटांनी जोडला जातो, आणि मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक होईपर्यंत थांबण्याची प्रथा आहे, म्हणजे साधारण एक तास. दिवाळीच्या आधीच्या रविवारी जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत गिऱ्हाइकाला दहा मिनिटे थांबवणे आपल्याला परवडणार नाही. संपूर्ण जगासाठी बिटकॉइनची साखळी सेकंदाला साधारण सात व्यवहार पेलते. याउलट ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्याची सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे ७,५०० येते. जागा कमी आणि मागणी जास्त झाली की बिटकॉइनचे शुल्क लिलावासारखे वाढते. २० एप्रिल २०२४ रोजी एका व्यवहाराचे सरासरी शुल्क १०० डॉलरच्या वर गेले होते, आणि हे शुल्क अर्धा किलो बदामाला आणि एका फ्लॅटच्या किमतीला सारखेच पडते.

लाइटनिंग नावाचे एक जाळे बिटकॉइनवर उभारलेले आहे आणि त्यातून लहान रकमा क्षणात, अगदी थोड्या शुल्कात जातात, हे आपला पुतण्या सांगेल आणि ते खरेही आहे. त्यासाठी गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांनाही वेगळ्या वॉलेटची तयारी करावी लागते. एल साल्वाडोर या देशाने ७ सप्टेंबर २०२१ रोजी बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला, सरकारी वॉलेट घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ३० डॉलर किमतीचे बिटकॉइन दिले, दुकानदारांना ते स्वीकारणे बंधनकारक केले. तरीही लोक प्रामुख्याने डॉलरच वापरत राहिले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती सक्ती काढून टाकण्यात आली. सरकार पाठीशी असूनही जे तिथे रुळले नाही, ते नाक्यावरच्या एका पाटीने रुळेल असे मला वाटत नाही.

ज्यांनी मनापासून प्रयत्न करून पाहिला अशा एका मोठ्या विक्रेत्याचा अनुभवही सांगतो. व्हिडिओ गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ने एप्रिल २०१६ मध्ये बिटकॉइन घेणे सुरू केले आणि डिसेंबर २०१७ मध्ये बंद केले. शुल्क २० डॉलरच्या आसपास गेले होते, हे एक कारण. दुसरे कारण दुकानदाराने नीट लक्षात घ्यावे असे आहे : गिऱ्हाईक पैसे देत असतानाच भाव बदलला, तर कमी पडलेली रक्कम पुन्हा मागावी लागे किंवा जास्त आलेली परत करावी लागे, आणि त्या दुरुस्तीवर पुन्हा तेवढेच शुल्क पडे. त्यांचा ग्राहकवर्ग तर संगणकात मुरलेला होता.

कराची बाजू आपल्यासाठी सर्वांत गुंतागुंतीची आहे. आपल्या देशात क्रिप्टोवर बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा देण्यास घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केली. पण ते कायदेशीर चलनही नाही. आयकर कायदा त्याला मालमत्ता मानतो. त्यामुळे गिऱ्हाइकाने बिटकॉइन देऊन पिस्ते घेतले, तर कायद्याच्या दृष्टीने त्याने आपल्याला मालमत्ता विकली आणि आपण ती पिस्ते देऊन विकत घेतली. त्याला स्वतःच्या नफ्यावर ३० टक्के कर भरावा लागेल. आणि आपण खरेदीदार ठरल्यामुळे १ टक्का उद्गम कराची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. वर्षभरातील अशी खरेदी लहान व्यावसायिकासाठी ५०,००० रुपये आणि इतरांसाठी १०,००० रुपये यांच्या वर गेली की ही जबाबदारी येते. मोबदला वस्तूंत दिला जात असेल तर माल सोडण्यापूर्वी तो कर भरला गेला आहे याची खात्री करून घेण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. मेव्याच्या पुड्या बांधता बांधता हे कोण पाहणार?

यूपीआयची सोय आपल्याला आता सवयीची झाली आहे म्हणून तिचे मोल कळेनासे होते. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. साउंडबॉक्सचे भाडे काय ते वेगळे. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, संध्याकाळचा हिशेब फोनवर दिसतो. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभर यूपीआय काही तास विस्कळीत झाले होते, हा दोषही लपवण्यासारखा नाही. त्यावर उपाय म्हणून गल्ल्यात रोख आणि कोपऱ्यात कार्डाचे यंत्र असावे. पुतण्याचा उत्साह मोडू नका; परदेशातील आपल्या माणसांना मेवा पाठवण्यासाठी येथील गिऱ्हाइकांकडून ऑनलाइन मागणी घेता येईल अशी सोय त्याला करायला सांगा, त्यात त्याची हुशारी जास्त कामी येईल.

घणसोली येथील एक विद्यार्थिनी विचारते : यूपीआयने केलेला प्रत्येक खर्च बँकेला दिसतो. आपला खर्च आपल्यापुरता ठेवायचा असेल, तर क्रिप्टो बरे नाही का?

खासगीपणाची तुझी अपेक्षा रास्त आहे आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण बिटकॉइनमध्ये ती पुरी होत नाही. त्यातील नोंदवही जगातील कोणालाही उघडून पाहता येते. तिच्यात नावांच्या जागी अक्षरांकांचे पत्ते असतात एवढेच. कोणता पत्ता तुझा आहे हे एकदा कळले की तुझे आधीचे आणि नंतरचे सगळे व्यवहार उघड होतात, आणि मार्च २०२३ पासून भारतातील एक्स्चेंज आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत असल्यामुळे त्यांना ग्राहकाची ओळख घ्यावीच लागते. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून चोरीला गेलेल्या बिटकॉइनपैकी ९४,००० हून अधिक बिटकॉइन अमेरिकी तपास यंत्रणेने फेब्रुवारी २०२२ मध्ये जप्त केले, तेही याच उघड नोंदवहीतून माग काढून. बँकेतील नोंद बँकेच्या चार भिंतींत राहते आणि ती कोणाला द्यायची याला कायद्याची चौकट आहे. साखळीतील नोंद कायमची आणि सर्वांसाठी आहे. थोड्या रकमेचा खासगीपणा हवा असेल तर रोख पैसा अजूनही सर्वांत चांगला आहे.

नेरूळ येथील एक निवृत्त शिक्षिका लिहितात : आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या मुलीच्या फीसाठी मी ८,००० रुपये यूपीआयने पाठवले. मोबाइल क्रमांकातील एक आकडा चुकला आणि पैसे कोणा अनोळखी माणसाला गेले. तो फोन उचलत नाही. भाचा म्हणतो, क्रिप्टोमध्ये अशी चूक होतच नाही, कारण पत्ता हाताने लिहायचाच नसतो. मी आता काय करावे, आणि भाच्याचे खरे आहे का?

बाई, आधी पैशांचे पाहू. यूपीआयच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी आपल्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या. त्यात व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक अवश्य लिहा. आपली बँक समोरच्या बँकेला कळवते आणि ती बँक आपल्या खातेदाराशी संपर्क साधते. येथे एक कटू गोष्ट स्पष्ट सांगतो : चूक आपल्याकडून झालेली असल्यामुळे त्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून पैसे काढून देऊ शकत नाही. परंतु कायदा आपल्या बाजूने आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेला पैसा परत करणे हे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. बँकेच्या पत्रात किंवा पोलिसांकडील अर्जात या कलमाचा उल्लेख केला, की अनेकदा फोन न उचलणारा माणूसही बोलू लागतो.

आपल्यासारख्या अनेकांचा गोंधळ होतो म्हणून यापेक्षा वेगळे दोन प्रसंगही सांगतो. आपल्या खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला पोहोचलेच नाहीत, तर सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानात दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा आपला हक्क आहे. आणि कोणी फसवून पैसे काढले असतील, तर एक तासही न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधीच तो थांबवता येतो. मात्र पिन किंवा ओटीपी आपणच सांगितलेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते.

आता भाच्याचे म्हणणे. ते अर्धे खरे आहे. बिटकॉइनच्या पत्त्यात तपासणीची अक्षरे अशी गुंफलेली असतात की एखादे अक्षर चुकले तर वॉलेट तो पत्ता बहुधा नाकारतेच. आपल्या मोबाइल क्रमांकाला ही सोय नाही. एक आकडा बदलला की तो दुसऱ्या खऱ्या माणसाचा क्रमांक होतो. पण पत्ता कॉपी करण्यातही धोके आहेत. काही घातक प्रोग्राम कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलतात. काही भामटे आपल्या नेहमीच्या पत्त्यासारखीच पहिली आणि शेवटची अक्षरे असलेला पत्ता तयार करून त्यावरून नगण्य रक्कम पाठवून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी जुन्या यादीतून पत्ता उचलताना आपण त्यांचाच उचलतो. टेदरसारखे टोकन चुकीच्या नेटवर्कवर पाठवले तरी ते हाती लागणे कठीण होते. आणि यांपैकी काहीही घडले तर अर्ज द्यायला शाखा नाही, कळवायला समोरची बँक नाही, कलम ७२ दाखवायला नावगाव असलेला माणूस नाही. यूपीआयमध्ये निदान पिन टाकण्याआधी समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते. ते नाव थांबून, हवे तर मोठ्याने, वाचण्याची सवय आपण ठेवली, तर अशा चुका बहुतेक टळतील. नव्या माणसाला आधी एक रुपया पाठवून त्याच्याकडून फोनवर खात्री करून घ्यावी.

आपल्या वयाचा विचार करून आणखी एक सांगावेसे वाटते. बँक खात्याला आपण नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) नेमू शकतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर चार जणांपर्यंत नावे देता येतात. स्वतःच्या वॉलेटमधील क्रिप्टोची किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस शब्दांची एक ओळ असते. ती ओळ घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर ते पैसे कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने निघत नाहीत, आणि ती एखाद्याच्या हाती लागली तर आपण हयात असतानाच निघून जातात. भाच्याला त्याच्या स्वतःच्या वॉलेटबद्दलही हे विचारा. त्याच्या आईला ती ओळ कुठे ठेवली आहे हे माहीत आहे का, ते कळेल.

आपल्या ८,००० रुपयांसाठी तक्रार दिल्यापासून ३० दिवस मोजा. तेवढ्यात बँकेचे उत्तर आले नाही, किंवा बँकेने आपले काम नीट केले नाही असे वाटले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीत माहिती मिळते. शाखेत अर्ज देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका, कारण ३० दिवस कधीपासून मोजायचे हे त्या तारखेवरूनच ठरते. ताईंच्या मुलीच्या फीची मुदत जवळ आली असेल, तर शाळेला बँकेच्या तक्रारीची प्रत दाखवून थोडी सवलत मागता येईल.